जात्यावरच्या ओवीतील दैनंदिनाचा अर्थ : मावळ, मुळशी व खेड परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

मराठी समीक्षेत जात्यावरच्या ओवीचा उल्लेख प्रामुख्याने दोन प्रसंगी होतो. मराठी काव्याच्या उगमाची चर्चा करताना ग्रांथिक ओवीची पूर्वज म्हणून ती आठवली जाते, आणि ग्रामीण स्त्रीच्या दुःखाचे चित्र रेखाटताना पुरावा म्हणून ती उद्धृत केली जाते. पहिल्या प्रसंगी तिच्या छंदाला महत्त्व येते, दुसऱ्या प्रसंगी तिच्यातील अश्रूंना. या दोन्ही दृष्टींमध्ये ओवी गाणारी स्त्री विचार करीत होती, ही शक्यता मात्र क्वचितच गृहीत धरली जाते. तिने सोसले, तिने भक्ती केली, तिने माया केली, हे सर्व मान्य केले जाते; तिने आपल्या रोजच्या जगण्याचा अर्थ लावला आणि त्यासाठी एक स्वतंत्र पद्धत घडवली, हे मान्य केले जात नाही.

प्रस्तुत लेखात जात्यावरची ओवी ही दैनंदिन जीवनाचा अर्थ लावण्याची एक पद्धत होती, हे सूत्र मांडले आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्यातील मावळ, मुळशी आणि खेड या तालुक्यांचा संदर्भ घेतला आहे. याच तालुक्यांना लागून पिंपरी-चिंचवड शहर उभे राहिले आणि याच खेड तालुक्यात चाकणची औद्योगिक वसाहत वाढली. म्हणजे जी भूमी ओवीच्या संकलनासाठी महत्त्वाची ठरली, तीच भूमी गेल्या सात दशकांत राज्यातील एक प्रमुख कारखानदारीचा पट्टा बनली. या योगायोगामुळे ओवीविषयीचा प्रश्न केवळ लोकसाहित्याच्या अभ्यासापुरता राहत नाही. दळण हाताने होत नाही, तेथे दळणासोबतचा विचार कोठे जातो, असा तो प्रश्न आहे.

परंपरा आणि संकलन

ओवीच्या प्राचीनत्वाविषयी अभ्यासकांत दुमत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ मध्ये सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' अर्थात 'अभिलषितार्थचिंतामणी' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ही नोंद 'ज्ञानेश्वरी'च्या सुमारे दीडशे वर्षे आधीची आहे. येथे दळणाचा नव्हे तर कांडणाचा निर्देश आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. ओवी ही प्रथमपासून स्त्रीच्या हातातील कामाशी जोडलेली होती. जाते हे त्या कामाचे सर्वांत दीर्घकाळ टिकलेले रूप होय.

आधुनिक काळात ओवीच्या संकलनाला वेगवेगळ्या प्रेरणा लाभल्या. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये नात्यांच्या आणि विषयांच्या क्रमाने ओव्या एकत्र केल्या. त्यामागे स्त्रीच्या वत्सल मनाविषयीचा आदर होता. दुर्गा भागवतांनी 'लोकसाहित्याची रूपरेखा' लिहून या अभ्यासाला शास्त्रीय बैठक दिली. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या प्रकाशनांतून मोठे धन मुद्रित स्वरूपात आणले. डॉ. तारा भवाळकर यांनी लोकपरंपरेतील स्त्रीचा स्वतःचा स्वर ऐकण्याचा आग्रह धरला आणि 'सोशिक स्त्री' या रूढ प्रतिमेला प्रश्न विचारले.

या परंपरेत हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांच्या कार्याचे स्थान वेगळे आहे. मुळशी तालुक्यात गरीब डोंगरी संघटनेच्या कामाशी जोडलेल्या या दोघांनी १९८० च्या दशकापासून ओव्या टिपण्यास आरंभ केला. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण व संगणकीय नोंदी झाल्या. राज्यातील १,००० हून अधिक गावांतून १,००,००० हून अधिक ओव्या या संग्रहात जमा झाल्या. पॉइट्व्हँ यांचे २००४ मध्ये व राईरकर यांचे २०१० मध्ये निधन झाले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारतविषयक संग्रहाने या ओव्या वाचकांसमोर आणण्याचे काम हाती घेतले.

संख्येपेक्षाही या संकलनाची एक शिस्त महत्त्वाची आहे. ओवीसोबत गाणाऱ्या स्त्रीचे नाव आणि तिचे गाव नोंदवले गेले. लोकगीत 'अनामिक' असते, हे आपण अभ्यासक्रमात शिकत आणि शिकवत आलो. ही अनामिकता काही अंशी लोकगीताचा स्वभाव असेलही. परंतु काही अंशी ती संकलकाच्या वहीची सवय होती. नाव विचारले की नाव मिळते. आणि नाव मिळाले की ओवी हा 'समाजमनाचा उद्गार' एवढाच न राहता एका विशिष्ट व्यक्तीने केलेली निवडही ठरतो. परंपरेने हाती दिलेल्या शेकडो ओव्यांपैकी तिने त्या पहाटे कोणती उचलली, तिच्यात कोणता शब्द बदलला, हा समीक्षेचा विषय होऊ शकतो.

ओवीची अर्थरचना : संबोधन आणि आवर्तन

ओवी रोजच्या जगण्याला अर्थ कसा देते, हे पाहताना दोन घटक ठळकपणे समोर येतात.

पहिला घटक संबोधनाचा आहे. ओवीत वर्णन कमी आणि हाक अधिक असते. जाते हे दगडाचे साधन असले तरी ओवीत त्याला देव म्हणून, ऋषी म्हणून, कधी जिवलग म्हणून हाक मारली जाते. शेजारीण, आई, भाऊ, लेक, तुळस, पंढरीचा विठ्ठल, सूर्य, बैल या सर्वांना ती क्रमाक्रमाने बोलावते. पहाटेच्या अंधारात घर निजलेले असताना बोलणारी एकटी असते आणि ऐकणारे कोणी नसते. अशा वेळी ती श्रोते निर्माण करते. येथे एक सूक्ष्म भेद करणे आवश्यक आहे. वस्तूवर मानवी भाव लादणे हा काव्यशास्त्राला परिचित अलंकार आहे. ओवीतील संबोधन मात्र अलंकार म्हणून येत नाही. जात्याशी बोलणारी स्त्री जात्याचे सौंदर्य वाढवीत नसते. ती स्वतःच्या श्रमाला साक्षीदार मिळवीत असते. ज्याला साक्षीदार आहे ते काम केवळ राबणे राहत नाही, ते सांगण्याजोगे होते. सांगण्याजोगे होणे, हीच दैनंदिनाला अर्थ येण्याची पहिली पायरी होय.

दुसरा घटक आवर्तनाचा आहे. खुंटा धरून जाते फिरवायचे, एका हाताने वैरण घालायची, पुन्हा फिरवायचे, या गतीला आरंभ व शेवट नाही. ओवीची रचना या गतीशी जुळलेली असते. ती लहान असते, स्वयंपूर्ण असते आणि तरीही पुढच्या ओवीला वाट देते. पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक देत ओव्या गुंफण्याची रीत सर्वपरिचित आहे. ग्रांथिक ओवीत निरूपण पुढे सरकत सिद्धांताकडे जाते. जात्यावरची ओवी सिद्धांताकडे जात नाही. ती त्याच गोष्टीकडे वेगवेगळ्या बाजूंनी परत येते. माहेराविषयीच्या एका ओवीत ओढ असते, पुढच्या ओवीत भावजयीविषयीचा सल असतो, तिच्या पुढच्या ओवीत भावाची बाजू घेतलेली असते. यांपैकी कोणतीही एक ओवी म्हणजे त्या स्त्रीचे 'माहेराविषयीचे मत' नव्हे. तिचे मत त्या फिरण्यात आहे.

याच ठिकाणी संकलनाची एक मर्यादाही दिसते. विषयवार वर्गीकरण केले की भावाच्या ओव्या भावाच्या प्रकरणात जातात, देवाच्या ओव्या देवाच्या प्रकरणात. अभ्यासाला ही सोय आवश्यक आहे, हे निर्विवाद. तथापि, जात्यावर बसलेल्या स्त्रीने विठ्ठलाच्या ओवीनंतर लगेच नवऱ्याच्या रागाची ओवी म्हटली असेल, तर त्या दोन ओव्यांच्या शेजारात एक अर्थ होता. वर्गीकरणात तो शेजार तुटतो. ओवीतील विचार बऱ्याचदा ओवीच्या आत नसून दोन ओव्यांच्या मधल्या जागेत असतो. म्हणून ओवीच्या समीक्षकाने सुट्या ओवीचा रसास्वाद घेताना तिचा क्रम काय असावा, हाही प्रश्न मनात ठेवला पाहिजे.

ओवी स्थितिशील नव्हती, याचीही नोंद घेणे अगत्याचे आहे. आगगाडी, मोटार, शाळा, मुंबई-पुण्यातील नोकरी हे सर्व ओवीत सहज आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्यांनी तर या छंदात आत्मसन्मानाचा एक नवा देवघरच उभा केला. सीतेच्या वनवासाच्या ओव्यांत रामालाही जाब विचारला गेला. जुन्या छंदाला नव्या आशयाचे वावडे नव्हते.

जिजाईची बाजू

या परिसराच्या संदर्भात एक उदाहरण विशेष बोलके आहे. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे इंद्रायणीकाठी, आजच्या औद्योगिक पट्ट्याच्या अगदी कडेला आहेत. तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पुढे आकुर्डीला विसावते. मावळ-मुळशीच्या ओव्यांत तुकोबा येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी जिजाईही येते. लोकपरंपरेतील प्रसिद्ध कथेप्रमाणे तुकोबा वैकुंठाला निघाले तेव्हा त्यांनी जिजाईलाही बोलावले; परंतु घरची म्हैस, मुले आणि संसार यांचे काय, या विचाराने ती मागे राहिली.

कीर्तनाच्या परंपरेत ही कथा बहुधा जिजाईच्या अज्ञानाची किंवा संसारासक्तीची म्हणून रंगते. श्रोते हसतात आणि तुकोबांची विरक्ती अधिक उजळते. दळणाऱ्या स्त्रीच्या जागेवरून मात्र तीच कथा वेगळी वाचता येते. जनावराची धार काढायची आहे, पोरे उठायची आहेत, हे म्हणणे मोक्षाला दिलेला नकार नव्हे. हातातले काम सोडून जाणाऱ्या मोक्षाविषयीची ती रास्त शंका आहे. जनाबाईच्या आख्यायिकेत विठ्ठल स्वतः दळायला येतो. या दोन कथा शेजारी ठेवल्या की स्त्रियांच्या परंपरेचे एक सूत्र हाती लागते. देव हवा आहे, पण तो जात्यापाशी आला पाहिजे. जात्यावरून उठून देवाकडे जाण्याची सवड कोणाला आहे? दैनंदिनाचा अर्थ दैनंदिनाच्या बाहेर शोधायचा नाही, ही भूमिका येथे कोणत्याही तात्त्विक परिभाषेशिवाय घेतलेली आहे.

बहिणाबाई आणि निनावी ओवी

दैनंदिन जीवनातून अर्थ शोधणारी ग्रामीण कवयित्री म्हटले की मराठी वाचकाला बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आठवतात, आणि ते योग्यच आहे. असोद्याच्या माहेरची व जळगावच्या सासरची ही निरक्षर शेतकरी स्त्री. तिने जात्याला, खानदेशी बोलीत 'घरोटा'ला, उद्देशून कविता रचली. मुलगा सोपानदेव याने तिच्या रचना जतन केल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झाली.

परंतु बहिणाबाईंच्या लोकप्रियतेचे एक कारण समीक्षेने तपासण्याजोगे आहे. त्यांच्या रचनेत दैनंदिन वस्तूपासून सुरू झालेला विचार पुष्कळदा एका सुभाषितात स्थिरावतो. तवा, नांगर, मन, माणूस यांविषयीचे निष्कर्ष सुटे काढता येतात, फळ्यावर लिहिता येतात, भाषणात वापरता येतात. हे त्यांच्या प्रतिभेचे बळ आहे. मात्र याच कसोटीने मावळातील ओवी मोजली, तर ती किरकोळ ठरते, कारण ती निष्कर्ष देत नाही. ती हाक मारते आणि पुढे जाते. पाठ्यपुस्तकाला सुभाषित चालते. अर्धवट सोडलेली, उद्या पहाटे पुन्हा उचलली जाणारी ओवी चालत नाही. जगण्याचा अर्थ एकदा सापडला की संपला, असे मानणाऱ्या वाचनपद्धतीला ओवी परकी वाटते. ओवीच्या दृष्टीने अर्थ हा पिठासारखा आहे. रोज दळावा लागतो, आणि कालचे पीठ आजच्या भाकरीला पुरत नाही.

बहिणाबाईंना त्यांची रचना उतरवून घेणारा कवी-मुलगा लाभला. ज्या स्त्रियांना तो लाभला नाही, त्यांच्या रचनेची इयत्ता त्यामुळे कमी होत नाही, एवढेच येथे नमूद करावयाचे आहे.

श्रमाच्या उदात्तीकरणाचा प्रश्न

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. ओवीने कष्टाला अर्थ दिला असे म्हणणे म्हणजे कष्टाचे समर्थन करणे नव्हे काय? अर्थ सापडल्यामुळे स्त्री त्या कष्टाशी समेट करून बसली, असे तर झाले नाही?

या आक्षेपाचे उत्तर ओवीच्या स्तुतीने देता येणार नाही. ते दळणाऱ्या स्त्रियांच्या वर्तनातच शोधले पाहिजे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा स्त्रियांनी जात्यासाठी अश्रू ढाळत बसण्यापेक्षा दळणाचा डबा गिरणीत टाकणे पसंत केले. पहाटेची झोप, दुखणारे खांदे, बाळंतपणानंतरही न चुकणारे दळण यांतून सुटका झाली, ती इष्टच होती. ज्यांनी जात्याला देव म्हटले त्यांनीच जाते कोपऱ्यात ठेवले, यात विसंगती नाही. त्यांनी अर्थ दिला होता तो स्वतःच्या जगण्याला, दगडाला नव्हे. म्हणून ओवीच्या अस्ताबद्दल हळहळणाऱ्या लेखनाने प्रथम हे मान्य केले पाहिजे की, ती हळहळ बहुधा न दळणाऱ्यांची आहे.

तरीही प्रश्न उरतो. गिरणीने दळण घेतले. दळणाबरोबरचा एकांत आणि बोलणे यांची जागा कशाने घेतली? पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना सुरू झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी परिसराचे रूप झपाट्याने पालटले. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९७ मध्ये चिखली, तळवडे, मोशी, चऱ्होली, वाकड यांसारखी गावे महापालिकेच्या हद्दीत आली. बजाज ऑटोचा चाकण येथील प्रकल्प १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण वाहननिर्मितीचे केंद्र म्हणून ओळखले जाऊ लागले.

या परिवर्तनात स्त्रीचा दिवस रिकामा झाला नाही. सुट्या भागांच्या जुळणीत, पॅकिंगमध्ये, उपाहारगृहात, सोसायट्यांतील धुण्याभांड्यांत तिचा श्रम वेगळ्या रूपात चालूच राहिला. मूलभूत फरक लयीचा आहे. जात्याची गती दळणारीच्या हातात होती. ती थांबवू शकत होती, मंद करू शकत होती, ओवीसाठी श्वास घेऊ शकत होती. जुळणीच्या पट्ट्याची गती तिच्या हातात नाही, आणि यंत्राच्या आवाजात तिचा आवाज तिलाच ऐकू येत नाही. ओवी नव्या वस्तूंमुळे संपली नाही, हे मोटारीच्या व आगगाडीच्या ओव्यांनी आधीच सिद्ध केले आहे. कामाच्या गतीवरचा स्वतःचा ताबा आणि कामाच्या वेळचा स्वतःचा आवाज, या दोन गोष्टी गेल्यामुळे ती संपली.

आज लग्नघरी हळदीच्या दिवशी जाते पुजले जाते, त्यावर चार दाणे भरडले जातात आणि आठवणाऱ्या वडीलधाऱ्या बायका ओव्या म्हणतात. महाविद्यालयांच्या पारंपरिक दिनी नऊवारी नेसलेल्या विद्यार्थिनी रंगमंचावर जात्यापाशी बसतात. या प्रथांना कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र तेथे ओवी दाखवली जाते, तिच्या आधाराने विचार केला जात नाही. भजनी मंडळे, भीमगीते, बचत गटांच्या बैठका यांमध्ये स्त्रियांचे सामूहिक बोलणे आजही चालते. तेथे ओवीचे काही अंश टिकले आहेत का, हे प्रत्यक्ष ऐकूनच ठरवता येईल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. जात्यावरची ओवी ही भक्तीचा किंवा दुःखाचा केवळ उद्गार नसून संबोधन व आवर्तन यांच्या साहाय्याने रोजच्या जगण्याचा अर्थ लावणारी रचना आहे. हा अर्थ सुभाषितात गोठत नाही. तो पुन्हा पुन्हा लावला जातो.

२. अनामिकता हा ओवीचा अपरिहार्य गुण नाही. राईरकर-पॉइट्व्हँ यांच्या संकलनाने गायिकेचे नाव व गाव जतन करून तिला रचनाकार म्हणून वाचण्याची शक्यता खुली केली आहे.

३. ओवीने श्रमाला अर्थ दिला, पण श्रमाचे समर्थन केले नाही. गिरणीचे स्वागत करून स्त्रियांनीच हा भेद स्पष्ट केला.

४. औद्योगिक पट्ट्यात ओवीचा अस्त आधुनिक आशयामुळे नव्हे, तर कामाच्या लयीवरील व आवाजावरील स्त्रीचा ताबा सुटल्यामुळे झाला.

या परिसरातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या आज्या मावळ, मुळशी वा खेडमध्ये दळण दळत होत्या. त्यांच्यापैकी ज्या आज हयात आहेत, त्यांचे वय पाहता त्यांना ऐकण्यास फार अवधी उरलेला नाही. मराठी विभागांनी प्रकल्पकार्यात ओव्या जमवाव्यात, ही सूचना नवी नाही. तथापि, त्या जमवताना गायिकेचे नाव विचारावे, ओव्यांचा क्रम न बदलता टिपावा आणि 'या ओवीनंतर तुम्हाला हीच का आठवली?' एवढा एक प्रश्न विचारावा. त्या उत्तरातून जे मिळेल ते लोकसाहित्याचे अवशेष नसतील. ती त्या स्त्रीने स्वतःच्या जगण्याची केलेली समीक्षा असेल.